वस्तीतल्या मुलीला नगरसेवक व्हायचं असेल तर...

२०२५ च्या पावसाळ्यात पुण्यात, पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत, एका समाजमंदिरात आम्ही पंधरा-सोळा जणी बसलो होतो. मुलींची वयं सतरा ते तेवीस. कुणी बारावीला, कुणी मॉलमध्ये कामाला, दोघी आईबरोबर चार घरची धुणीभांडी उरकून कॉलेजला जाणाऱ्या. मी विचारलं, "नगरसेवक कोण होऊ शकतं?"

पहिलं उत्तर आलं, "ज्याचा फ्लेक्स लागतो तो." दुसरं, "ज्याच्या मागं पोरं असतात तो, ताई." तिसरी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आमच्यातलं नाही कुणी."

कायद्याचं उत्तर याहून फार लहान आहे. वय २१ वर्षं पूर्ण हवं आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवं. अपात्रतेची काही कलमं आहेत, पण मागं पोरं असावीत किंवा चौकात फ्लेक्स लागलेला असावा असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. मग मुलींची उत्तरं चूक होती का? नव्हती. त्यांनी जे रोज पाहिलं तेच सांगितलं. कायद्यातलं उत्तर आणि त्यांचं उत्तर यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कशाकशाचं बनलंय, हे आज नीट उलगडून पाहू.

आधी जागांचं गणित

पुणे महापालिकेत आता १६५ नगरसेवक असतात. शहराचे ४१ प्रभाग, त्यातल्या ४० प्रभागांत चार-चार जागा आणि एकात पाच. प्रभागातल्या प्रत्येक जागेला अक्षर दिलेलं असतं: अ, ब, क, ड. मतदार केंद्रात गेला की या चार जागांसाठी चार वेगळी मतं देतो. कुठली जागा कुणासाठी राखीव, हे त्या त्या प्रभागाच्या लोकसंख्येवरून आणि सोडतीतून ठरतं. एकूण जागांच्या निम्म्या महिलांसाठी असतात. अनुसूचित जातींसाठी २२ जागा आहेत, त्यातल्या ११ महिलांच्या. अनुसूचित जमातींसाठी दोन, त्यातली एक महिलेची.

हे एकदम आलेलं नाही. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा १९९० मध्येच दिल्या होत्या. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये राज्याने त्या निम्म्यावर नेल्या. विधानसभेत मात्र अशी सोय अजून प्रत्यक्षात आलेली नाही. २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देते, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे. २०२४ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेत २८८ आमदारांमध्ये महिला दहा टक्केही नाहीत. आरक्षण असलं तर काय होतं आणि नसलं तर काय होतं, हे एकाच राज्यात शेजारी शेजारी दिसतं.

आता दोन गैरसमज, जे मला प्रत्येक वस्तीत भेटतात.

पहिला: बाईने फक्त महिलांच्या जागेवरच उभं राहायचं. तसं नाही. महिलांची जागा ही महिलांसाठी राखलेली आहे, महिलांना तिथे कोंडलेलं नाही. सर्वसाधारण जागा सगळ्यांना खुली असते, बाईलाही. दुसरा: अनुसूचित जातीच्या मुलीने अनुसूचित जातीच्या जागेवरच अर्ज भरायचा. हेही खरं नाही. 'सर्वसाधारण महिला' अशी जागा असेल तर तिथे कुठल्याही जातीची, धर्माची बाई उभी राहू शकते. व्यवहारात पक्षाच्या बैठकीत तिला सांगितलं जातं, "तुमची जागा आहे ना तिकडे." हे सांगणं कायद्याचं नसतं, सांगणाऱ्याच्या सोयीचं असतं.

मुस्लिम मुलींना धर्माच्या नावाने राखीव जागा नाही, पण बागवान, पिंजारी, अत्तार असे बरेच मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत आणि तो दाखला असला तर नागरिकांच्या मागास प्रवर्गाची, म्हणजे ओबीसींसाठी राखीव, जागा त्यांनाही लढवता येते. याच प्रवर्गात एक अडचण लपलेली आहे. भटक्या-विमुक्तांना स्थानिक संस्थांत वेगळ्या जागा नाहीत, त्यांची मोजणी याच प्रवर्गात होते. म्हणजे वडार, वैदू किंवा कंजारभाट समाजातली मुलगी ज्या जागेवर उभी राहणार, त्याच जागेसाठी जमीनजुमला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा गोतावळा असलेली घरंही उभी असतात. वडारवाडी, वैदूवाडी ही नावं पुण्याच्या नकाशावर आहेत. या समाजांच्या मुलींची नावं उमेदवारी यादीत शोधायला गेलं की किती वेळ शोधावं लागतं, ते तुम्हीच पाहा.

कागद

समजा, एक मुलगी आहे. वय बावीस. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आले, खडी फोडली, मग बांधकामावर बिगारी केली. वडील रिक्षा चालवतात. तिला अनुसूचित जातीच्या महिला जागेवर उभं राहायचंय. तिला काय लागेल?

जातीचा दाखला लागेल आणि त्यावर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागेल. दाखल्यासाठी सिद्ध करायचं असतं की एका ठरावीक तारखेला तिचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा कशाचा? आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, गावच्या कोतवाल बुकाची नक्कल. ज्या पणजोबाला शाळेच्या ओसरीवरही बसू दिलं नाही, त्याचा शाळेचा दाखला आज त्याची पणती शोधते आहे. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण व्यवस्था अशीच चालते.

बहुतेक वेळा हा दाखला पुण्यात मिळतही नाही. कुटुंब त्या तारखेला जिथं राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जावं लागतं. म्हणजे एसटीने गावी जायचं, तलाठ्याला गाठायचं, रोज बुडवायचा, तिकडे कुणी नातेवाईक उरलेलं नसेल तर रात्री राहायचं कुठं हेही बघायचं. बाईचा पुरावा बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूचा लागतो. लग्न झालेलं असेल तर सासरच्या आडनावाने आणखी एक कागद वाढतो. आणि आजोबा १९५० नंतर कर्नाटकातून आले असतील तर इथे अनुसूचित जातीचा लाभच नाही, कारण ही यादी राज्याराज्याची वेगळी असते. कलबुर्गीकडून आलेली कितीतरी घरं पुण्याच्या वस्त्यांत आहेत. मुली इथेच जन्मल्या, मराठी शाळेत शिकल्या. त्यांना सर्वसाधारण महिला जागा उरते.

निवडणूक जाहीर झाल्यावर हे सगळं सुरू करायचं म्हटलं तर दिवस पुरत नाहीत. ज्यांच्या घरात आधी कुणी निवडणूक लढवलेली आहे, त्यांची फाईल कपाटात तयार असते. म्हणून माझं मुलींना पहिलं सांगणं भाषण शिका असं नसतंच. अठरा पूर्ण झाले की मतदार यादीत नाव आणि जातीचा दाखला, ही दोन कामं आधी.

मतदार यादीचंही एक समजून घ्या. सतरा पूर्ण झालेल्या मुलीला नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो आणि नाव नोंदवायला वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पण महापालिकेची निवडणूक विधानसभेच्या यादीवरून होते आणि राज्य निवडणूक आयोग त्यासाठी एक दिवस ठरवतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी तो दिवस होता १ जुलै २०२५. त्यानंतर नोंदवलेलं नाव त्या निवडणुकीत चाललं नाही. "निवडणूक लागली की नाव घालू" म्हणणाऱ्या मुली तिथेच बाहेर राहिल्या.

एक कलम मुद्दाम सांगते. सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली तर स्थानिक निवडणूक लढवता येत नाही. किती मुलं व्हावीत हे जिथं सुनेला कुणी विचारत नाही, तिथं या अटीचा भार तिच्यावरच पडतो. दोन मुली झाल्या, तिसरा मुलगा हवा म्हणून घरच्यांनी हट्ट धरला, की तिचा उमेदवारीचा हक्क पंचविशीतच संपतो.

मुलगे कुठे शिकतात?

मला विचाराल तर पुण्यातलं राजकारणाचं सगळ्यात मोठं प्रशिक्षण केंद्र गणेश मंडळ आहे. हे मी टीका म्हणून म्हणत नाही. मंडळांनी या शहराला माणसं दिली आहेत.

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मंडळात जातो. पहिल्या वर्षी खुर्च्या लावतो. दुसऱ्या वर्षी वर्गणीची पावती पुस्तकं त्याच्या हातात येतात, म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार तो वाजवतो, कोण पन्नास देतं आणि कोण पाचशे, कोण भांडतं, कोण चहा पाजतं, हे त्याला पाठ होतं. मग मांडवाची परवानगी काढायला तो क्षेत्रीय कार्यालयात जातो. पोलीस चौकीत जातो. तात्पुरतं वीज कनेक्शन काढतो. विसर्जनाच्या रांगेत पुढच्या मंडळाशी वाद झाला तर तो मिटवतो, किंवा वाढवतो. दहीहंडी, शिवजयंती, आंबेडकर जयंती, रक्तदान शिबिर. विशीत तो अध्यक्ष होतो आणि त्याच्या फोनमध्ये साहेबांचा, हवालदाराचा, पाणीपुरवठ्याच्या ज्युनिअर इंजिनिअरचा नंबर असतो. त्याला कुणी 'नेतृत्व विकास शिबिरा'ला पाठवलेलं नसतं. त्याला सहा-सात वर्षं काम करायला जागा मिळालेली असते, बस.

त्याच सहा-सात वर्षांत त्याची बहीण काय करते? पहाटे नळाला पाणी येतं ते भरते. आई कामावर जाते म्हणून धाकट्यांचं आवरते. कॉलेज करते, संध्याकाळी पोळ्या लाटते. मंडळात ती आरतीला असते, रांगोळीला असते, हल्ली ढोल-ताशा पथकातही असते आणि तिथं मुलींनी जी जागा मिळवली त्याचं मला फार अप्रूप वाटतं. पण मंडळाची बैठक रात्री दहाला भरते आणि त्या बैठकीला ती नसते. निर्णय त्या बैठकीत होतात.

मग तिचं लग्न होतं. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्यावर बोललं मात्र जात नाही. प्रभागातलं राजकारण हे एका गल्लीत मुरलेल्या माणसाचं काम आहे. लोकांना तुमचं नाव, तुमचा बाप, तुमचा स्वभाव माहीत असावा लागतो. मुलाची गल्ली जन्मभर तीच राहते. मुलीची गल्ली विसाव्या-बाविसाव्या वर्षी बदलते. ती कासेवाडीची असते आणि रामटेकडीला जाते. तिथे ती अमक्याची सून असते. माहेरच्या वस्तीत तिने नळासाठी, शौचालयासाठी जी धडपड केली ती तिथं कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. म्हणूनच पक्ष तिच्याकडे पाहतो तेव्हा तिला न पाहता तिच्या नवऱ्याला पाहतो: गल्लीत मुरलेला तो असतो.

'नगरसेविकेचे पती' हा प्रकार इथून सुरू होतो. बाई दुबळी म्हणून नवरा कारभार करतो, असं आपण सहज म्हणून टाकतो. खरं तर उमेदवार निवडतानाच नवरा निवडलेला असतो. जागा महिलेची निघाली म्हणून नाव बायकोचं. ही बाई पुढं पाच वर्षांत शिकते, पुष्कळदा उत्तम काम करते, हे मी जवळून पाहिलं आहे. पण पुढच्या सोडतीत जागा खुली झाली की नवरा परत उभा राहतो.

चौऱ्याऐंशी हजार माणसं

पुण्याची प्रभागरचना २०११ च्या जनगणनेवर झाली आणि समाविष्ट गावांसह ती लोकसंख्या सुमारे ३४ लाख ८१ हजार धरली. तिला १६५ ने भागा: एका नगरसेवकामागे साधारण २१ हजार माणसं. चार जणांचा प्रभाग म्हणजे साधारण ८४ हजार. प्रत्यक्षात आज माणसं त्याहून जास्तच आहेत.

एकवीस हजारांच्या प्रभागात एक वस्ती, दोन सोसायट्या, एक बाजार एवढं येतं. चप्पल झिजवली तर घरोघरी पोचता येतं. चौऱ्याऐंशी हजारांत नाही पोचता येत. तिथे पक्षाचं चिन्ह लागतं, चौघांचं पॅनेल लागतं, रिक्षा, बूथवर बसायला माणसं, त्यांचं जेवण. अनामत रकमेत महिला आणि राखीव प्रवर्गाला सवलत असते, पण अनामत हा खर्चातला सगळ्यात लहान आकडा. पुण्यात २००७ ला एक सदस्याचा प्रभाग होता, २०१२ ला दोनचा झाला, २०१७ पासून चारचा. मोठ्या प्रभागाच्या बाजूने बोलणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की चारातल्या दोन जागा महिलांच्या असल्या की त्या प्रत्येक प्रभागात दिसतात. ते खरं आहे. पण पाठीशी घराणं नाही, हाताशी पैसा नाही, अशा मुलीसाठी प्रभाग जितका मोठा तितकं पक्षाच्या दारात बसणं वाढतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं मूळ थोडं मागे जाऊन पाहण्यासारखं आहे आणि ते पुण्यातच आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात पुणे करार झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजाला ब्रिटिशांनी देऊ केलेले स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, पण मतदान सगळ्यांचं मिळून. बाबासाहेबांची चिंता हीच होती की राखीव जागेवरचा माणूस मग कुणाला बांधील राहील: आपल्या लोकांना, की ज्यांच्या मतांवर तो निवडून येतो त्यांना? आज येरवड्यातल्याच एखाद्या वस्तीतली मुलगी राखीव जागेवर उभी राहते तेव्हा तो प्रश्न तिच्यासमोर जसाच्या तसा असतो. वस्तीच्या पाण्याचं बोलायचं, की सोसायट्यांना न दुखावता बोलायचं? पक्षाला कुठली मुलगी आवडेल, जास्त बोलणारी की कमी?

तरीही ज्या पुढे आल्या

पुण्याला या गोष्टीचा वारसा आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात तिने धर्माच्या नावाने होणारा अन्याय मांडला आणि बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं हे लिहिलं. मी वस्तीत हा निबंध मोठ्याने वाचते तेव्हा मुली विचारतात, "चौदाची होती?" हो, चौदाची. लोकांच्या जगण्याचा प्रश्न चारचौघांत, आपल्या नावाने मांडणं, हेच तर राजकारण.

दुसरं उदाहरण अलीकडचं. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्यांची संघटना. सभासद बहुतेक बाया, बहुतेक दलित. पाठीवर पोतं घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, असं समजून त्यांना हाकलत, पोलीस चौकशीला बसवत. संघटनेने पहिलं काय मागितलं? ओळखपत्र. गळ्यात कार्ड आलं तशी बाई सोसायटीच्या फाटकावर थांबून बोलू लागली. मग भंगाराच्या दुकानातला काटा नीट आहे का, हे विचारू लागली. पुढे यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम या बायांनी घेतलं. आयुक्तांसमोर बसून दराची बोलणी करणं हे नगरसेवक होण्यापेक्षा सोपं नाही. या बायांच्या मुली आज वस्त्यांत आहेत आणि सभेत उठून कसं बोलतात, हे त्यांनी लहानपणापासून घरात पाहिलेलं आहे.

पाहण्याने किती फरक पडतो, याचा एक अभ्यास आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या गावांचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्या गावांत आरक्षणामुळे सलग दोनदा बाई प्रमुख झाली, तिथे मुलींबद्दल आईबापांच्या आणि खुद्द मुलींच्या अपेक्षा वाढल्या, शिक्षणात मुलगे-मुलींमधली दरी मिटली आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला. एकदा नाही, दोनदा, हे लक्षात घ्या. एका टर्मपुरती बाई आली की लोक तिला अपवाद समजतात.

आपल्याकडे तर वेगळंच घडलं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुली त्याच काळात अठराच्या झाल्या. नगरसेवक म्हणजे फ्लेक्सवर नावाआधी 'मा.' लिहिलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख. सभागृहात बसून प्रश्न विचारणारी बाई त्यांनी पाहिलीच नव्हती.

सराव कुठे करायचा

मंडळात जागा मिळत नसेल तर दुसरी जागा शोधावी लागते आणि ती आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात क्षेत्रीय कार्यालयात एक साधा अर्ज भरायचा. पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं: दिवा, बाकडं, शौचालयाची दुरुस्ती, गटाराचं झाकण. या अर्जाला वयाची, पक्षाची, जातीच्या दाखल्याची अडचण नाही. पण पुढचा पाठपुरावा शिकवून जातो. काम मंजूर झालं का, कुठल्या यादीत आलं, निविदा निघाली का, इंजिनिअर कोण. नगरसेवकाच्या 'स' यादीत, म्हणजे त्याने सुचवलेल्या कामांच्या यादीत, काय असतं, हे वस्तीतल्या मुलीला कळू लागतं ते इथूनच.

काम अडलं तर माहितीचा अधिकार. दहा रुपये, तीस दिवस, दारिद्र्यरेषेखालच्या घराला शुल्क नाही. "आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, कामाच्या आदेशाची प्रत द्यावी," एवढं एक वाक्य पुरतं. मुलं लहान असतील तर शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आणि क्षेत्रीय कार्यालयातली मोहल्ला समितीची बैठक, जिथे कुणीही तक्रार मांडू शकतं.

अशाच एका बैठकीत आमच्यातली एकोणीस वर्षांची मुलगी ड्रेनेजचं बोलायला उठली. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाळा, घरच्या मोठ्यांना पाठव." ती खाली बसली आणि परत येताना रस्ताभर बोलली नाही. पुढच्या बैठकीला आम्ही सहा जणी गेलो. ती उठली तेव्हा बाकीच्या पाच जणीही उठून उभ्या राहिल्या, बोललं कुणी नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. तिचं पूर्ण ऐकून घेतलं गेलं. एकटीला पाठवायचं नाही, हा नियम आम्ही त्या दिवसापासून केला.

तो नियम फक्त बैठकीपुरता नाही. मुलगी चारचौघांत बोलू लागली की तिच्या चारित्र्यावर बोललं जातं, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवले जातात, घरी कुणीतरी येऊन "पोरीला आवरा" सांगून जातं. आईबाप घाबरतात ते उगाच नाही. तिचं लग्न त्यांनाच जमवायचं असतं. म्हणून आम्ही आधी आयांशी बोलतो. बैठक रात्री न ठेवता रविवारी दुपारी, पाणी भरून झाल्यावर ठेवतो. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांची मुलं एक जण सांभाळते. या गोष्टी बारीक वाटतील, पण यांवाचून मुलगी बैठकीपर्यंत पोचतच नाही. तिला बोलता येत नाही अशी समजूत करून घेऊन वक्तृत्वाची शिबिरं भरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की रेशनच्या दुकानात हिला एकदा भांडताना बघा.

पक्षांकडूनही मागायला हवं. उमेदवारीचा विचार होतो तेव्हा वस्तीत दोन-तीन वर्षं काम केलेल्या मुलीचं नाव निदान चर्चेला यावं, बूथचा आणि प्रचाराचा खर्च पक्षाने उचलावा, बैठकीची वेळ बाईला जमेल अशी असावी. कुठल्याही पक्षाला हे अवघड नाही. सर्वसाधारण जागेवर वस्तीतली मुलगी उभी करायला मात्र धाडस लागेल, आणि ते आजवर फार थोड्या वेळा दिसलं.

त्या पावसाळ्यात आम्ही काम सुचवायचे अर्ज घेऊन बसलो होतो. "आमच्यातलं नाही कुणी" म्हणणारी मुलगी आमच्यात होती. तिला चढावरच्या पायऱ्यांवर दिवा हवा होता, कारण रात्रपाळीहून येणाऱ्या बायका तिथं पाय घसरून पडतात. कामाचं नाव तिने झटकन लिहिलं. 'कामाचे ठिकाण' या रकान्याशी येऊन ती थांबली. त्या गल्लीला नावच नाही. "ताई, काय लिहू?" मी म्हटलं, तुम्ही काय म्हणता त्या जागेला? तिने थोडा विचार केला आणि लिहिलं: चौथ्या नळाच्या वर, जिथे पायऱ्या वळतात. मग खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि विचारलं, हे द्यायला उद्या कोण कोण येणार?